मास्तरांचा एकडोळ्या दारुमा

"आता जे सांगणार आहे ते तुमच्यातला एकही माणूस खरं मानणार नाही," गुडघ्यांवर हात टेकून उठत तोकुजी म्हणाला, "आणि जो मानेल त्याच्या अकलेला माझा लांबूनच नमस्कार!"

मठाच्या मोठ्या दालनात हशा पिकला. मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "तोकुजीदादा, ती खरबुजाची सांगा!" दुसरा म्हणाला, "नको नको, हिमकड्याची!"

ओगासे खोऱ्यात ही रीतच होती. तोकुजी उभा राहिला की लोक आधी हसून घेत आणि मग ऐकत. पण आजची गोष्ट निराळी होती. आज त्याला आयुष्यातली सगळ्यात मोठी थाप मारायची होती. ती पकडली गेली तर तो सुटणार होता. पकडली गेली नाही, तर मात्र त्याला उरलेला जन्म तोंड लपवून काढावा लागणार होता.

समोर चौथऱ्यावर किरिबुची मास्तरांचा फोटो होता. या खोऱ्यातून राजधानीच्या सभागृहात निवडून गेलेल्या माणसाला मास्तरच म्हणतात, मग त्याने जन्मात खडू हाती धरलेला नसो. फोटोतही मास्तरांच्या अंगावर तोच तपकिरी कोट होता, ज्याच्या कोपरांना मास्तरीणबाईंनी ठिगळं लावली होती. फोटोशेजारी जांभळ्या उशीवर दारुमा बसला होता. भाताच्या मोठ्या पातेल्याएवढा, लालभडक, दाढीमिशांचा, ना हात ना पाय. ढकलला तरी उठून बसणारा बाहुला. निवडणुकीला उभं राहताना दारुमाचा एक डोळा शाईने भरायचा आणि जिंकलं की दुसरा, ही तिकडची जुनी रीत. मास्तरांनी आयुष्यभर असे कितीतरी दारुमा दोन डोळ्यांचे करून मठाच्या होळीत पोचते केले. राहिला तो हा एक, शेवटचा. ती निवडणूकही मास्तर जिंकले होते, चांगले दणकून जिंकले होते. तरी दारुमाचा दुसरा डोळा अंड्यासारखा पांढराच राहिला. पुढच्याच हिवाळ्यात मास्तर गेले.

आज त्यांचं सातव्या वर्षाचं श्राद्ध होतं. मंत्र झाले, उदबत्त्या झाल्या, जेवणं होत आली होती, आणि दारुमासमोर शाई उगाळायचा दगड आणि नवा कुंचला मांडून ठेवला होता. आज तो दुसरा डोळा भरला जाणार होता.

भरणार होता सेरिझावा. पक्षाने राजधानीतून पाठवलेला नवा उमेदवार. वय चाळिशीच्या आतबाहेर, केस असे बसवलेले की वादळालाही परवानगी मागावी लागेल. श्राद्धाला म्हणून त्याने खांद्यावरचा उमेदवारीचा, नावाचा पट्टा उतरवला होता, काळा सूट घातला होता. पण प्रचाराचे पांढरे हातमोजे हातात तसेच होते. विसरला म्हणावं तर जेवताना चॉपस्टिक धरायला काढले होते आणि जेवण होताच पुन्हा चढवले होते. त्याचा एक माणूस मोबाइल रोखून बसला होता. दारुमाचा डोळा भरतानाचं ते चित्र आज संध्याकाळपर्यंत खोऱ्यातल्या घराघरात पोचणार होतं: मास्तरांचं अपुरं काम पुरं करणारा सेरिझावा! मग काय, मास्तरांच्या नावाने मत देणारी सगळी म्हातारी माणसं डोळे मिटून त्याच्या मागे जाणार.

आणि त्याचं काम काय होतं? गेला आठवडाभर त्याच्या गाडीचा भोंगा खोऱ्यातून ओरडत फिरत होता, "नवी दिशा! ओगासे फक्त ओगासेकरांचं! परक्यांना हाकला!"

परके म्हणजे कोण, तर अळंबीच्या शेडमध्ये काम करणाऱ्या व्हिएतनामी पोरी. त्यातलीच एक, तुयेत, आज मठाच्या स्वयंपाकघरात राबत होती, आणि थोड्या वेळापूर्वी तिनेच सेरिझावाच्या पुढ्यात गरम सूपचा वाडगा ठेवला होता. सेरिझावाने मान वर न करता तो प्यायला होता. चांगला झालाय म्हणालाही होता.

*

सकाळी तोकुजी मठाच्या स्वयंपाकघरात शिरला तेव्हा मास्तरीणबाई धुरावलेल्या मुळ्याच्या चकत्या करत होत्या. त्याने हळूच एक उचलली.

"आधी त्यांच्या फोटोला दाखवायच्यात, तोकुजी!"

"मास्तर पहिला तुकडा नेहमी मलाच द्यायचे."

"ही थाप ना?"

"अर्धी. द्यायचे, पण मी मागितल्यावर."

मास्तरीणबाई हसल्या. मग सुरी खाली ठेवून त्यांनी कमरेच्या फडक्याला हात पुसले. "तोकुजी, तुम्ही इतकी वर्षं त्यांची गाडी चालवलीत. आज एकदा, एकदाच खरं सांगा. तो डोळा का राहिला?"

तोकुजीच्या तोंडातला मुळा तोंडातच राहिला. हा प्रश्न त्याला कुणी विचारत नसे. तो आपण होऊन सांगत असे, न्हाव्याकडे, बसथांब्यावर, गावच्या न्हाणीघरात गळ्यापर्यंत गरम पाण्यात बसून. आणि लोक हसत असत.

"मास्तरीणबाई, मी दाराबाहेर त्यांचे बूट घेऊन उभा होतो," तो म्हणाला. "मतमोजणीच्या दुसऱ्या दिवशी. मास्तरांची सवय तुम्हाला ठाऊकच, डोळा सकाळी आंघोळ करून भरायचा. आत ते आणि ओबाताशेठ, दोघंच. मधे कागदी दार. मला दिसत काही नव्हतं, पण ऐकू आलं. मास्तर म्हणाले, 'डोळा भरायचा नाही. पक्ष वाट चुकलाय. आपला राहिला नाही.' त्यानंतर काहीतरी आवाज आला, खोकल्यासारखा. मग सगळं शांत."

मास्तरीणबाईंनी मान हलवली. "अगदी अस्साच चेहरा करून तुम्ही मला ती खरबुजाची गोष्ट सांगितली होती."

आता खरबुजाची गोष्ट अशी की मास्तर कुणाकडून काही घेत नसत. एका शेतकऱ्याने खरबूज पाठवलं, मास्तरांनी परत पाठवलं, त्याने पुन्हा पाठवलं, मास्तरांनी पुन्हा परत केलं. तोकुजीच्या म्हणण्याप्रमाणे शेवटी ते खरबूज बसमध्ये खिडकीची जागा धरायला लागलं आणि कंडक्टरने त्याला पास काढून दिला. हिमकड्याची गोष्ट त्याहून वरची. घाटात कडा कोसळायला आला तेव्हा मास्तर गाडीतून उतरून त्याच्यापुढे असे काही वाकले, की कडा ओशाळून जागच्या जागी थांबला. अशा माणसाचं कोण काय ऐकणार?

"मग ओबाताशेठना विचारा!" तोकुजी कळवळून म्हणाला.

"सात वर्षं विचारतेय. विचारलं की ते माझा पेला भरतात आणि यंदा पाऊस कसा आहे ते सांगतात."

ओबाताशेठ म्हणजे खोऱ्यातले दारू गाळणारे, पक्षाच्या शाखेचे प्रमुख, मास्तरांचे लहानपणापासूनचे मित्र. यांची दारू एखाद्या वर्षी पातळ निघाली असेल, शब्द कधी नाही. खोटं त्यांच्या तोंडून बाहेर पडायला दार सापडत नसे. पण गप्प बसायला दार कशाला लागतं? पक्षाचं घर आपण आणि मास्तरांनी मिळून उभं केलं, ते आपल्या हाताने कसं मोडायचं, या एका विचाराने ते ओठ शिवून बसले होते.

"ओबाताशेठ एकदा हे म्हणाले ना," मास्तरीणबाई सुरी उचलत म्हणाल्या, "त्यांच्या तोंडून एकदा ऐकलं, की त्या सेरिझावाच्या हातातून कुंचला मी स्वतः काढून घेईन. पण कुणी काही बोलणार नसेल तर मी कशाच्या जोरावर नाही म्हणू? पक्षाने आयुष्यभर त्यांना मान दिला. त्यांच्या श्राद्धाला मी पक्षाचा अपमान करू?"

 कढईजवळ उभ्या असलेल्या तुयेतने तोकुजीकडे पाहिलं आणि पुन्हा कढई हलवायला लागली.

तोकुजीला बर्फातला तो दिवस आठवला. प्रचाराची गाडी चाकांपर्यंत रुतली होती. अळंबीच्या शेडमधून पाच-सहा पोरी धावत आल्या, ही तुयेत सगळ्यांत पुढे, आणि त्यांनी हो-हो करत गाडी ढकलून रस्त्यावर आणली. मास्तर उतरले, पांढरे हातमोजे काढून खिशात घातले, आणि एकेकीपुढे कमरेतून वाकले. तोकुजी खिडकीतून म्हणाला, "मास्तर, चला, यांना मत नाही." मास्तर म्हणाले, "म्हणूनच तर हा नमस्कार खरा. तू गाडी सुरू कर." ही गोष्ट तोकुजी कुणालाच सांगत नसे. ती जशीच्या तशी खरी होती, आणि त्याच्या तोंडून खऱ्याला भाव नव्हता.

मास्तर जुन्या वळणाचे, पक्के. नव्या कुठल्याही गोष्टीला आधी नाही म्हणायचे आणि मग तीन दिवस विचार करायचे. त्यांचं एकच पालुपद, "आहे ते आधी राखा." घाट राखा, भाताची खाचरं राखा, दिलेला शब्द राखा, दारात आलेल्याचा मान राखा. पक्षही तेव्हा हेच बोलायचा. त्या शेवटच्या निवडणुकीत मात्र राजधानीतून एक बडा पुढारी आला, मास्तरांच्याच गाडीवर चढला आणि मास्तरांच्याच भोंग्यातून "हाकला!" म्हणून ओरडला. लोकांनी टाळ्या पिटल्या. मास्तर शेजारी उभे होते. त्यांनी हात हलवणं थांबवलं होतं, एवढं तोकुजीला आरशातून दिसलं होतं.

स्वयंपाकघरातून बाहेर पडताना तोकुजीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला, आणि तो जागच्या जागी थबकला. इतक्या अचानक, की मागून भांडी घेऊन येणारे मठातले बुवा त्याच्या पाठीवर आदळले.

"काय झालं रे?"

"बुवा," तोकुजीचे डोळे चमकत होते, "माझं खरं कुणी मानत नाही. बरोबर?"

"शंकाच नाही."

"मग माझं खोटं तरी कुणीतरी खोडून काढेलच की!"

*

"तर ऐका!" दालनाच्या मध्यभागी येत तोकुजी म्हणाला. "मास्तरांनी शेवटच्या दारुमाचा डोळा का भरला नाही, ते आज मी सांगणार!"

"सात वर्षं सांगतोयस," कुणीतरी म्हणालं.

"ते खोटं होतं! आज खरं सांगतो!"

लोक मांड्या थोपटून हसले. सेरिझावाने भुवई उंचावली, पण त्याच्या मोबाइलवाल्याने कानात काहीतरी सांगितलं आणि सेरिझावा हसऱ्या चेहऱ्याने सावरून बसला. मास्तरांचा जुना चालक आठवणी सांगतोय, यापेक्षा चांगलं चित्र कुठलं? ओबाताशेठ पहिल्या रांगेत, उजवीकडे, पेल्याकडे बघत बसले होते. मास्तरीणबाई दारुमाशेजारी.

"निवडणूक जिंकल्याचा दुसरा दिवस," तोकुजी म्हणाला. "मास्तर आंघोळ करून बाहेर आले. आणि पहिलं काम काय केलं असेल? तो तपकिरी कोट उचलला आणि बंबात घातला!"

"अरेरे!"

"पण कोट जळेना! बंबातून कोट म्हणतो, 'मास्तर, मी अजून दोन निवडणुका सहज काढतो!'"

हसण्याचा फवारा उडाला. मास्तरीणबाईंच्याही ओठांचे कोपरे हलले. ओबाताशेठ मात्र तसेच.

"मग मास्तर मला म्हणाले, 'तोकुजी, गाडी काढ. आयुष्यभर चुकलो मी! राखा, राखा म्हणून घसा बसवून घेतला आणि टाळ्या कुणाला? त्या राजधानीवाल्याला! मला नवी दिशा पाहिजे!'" तोकुजीने हात हवेत फेकला. "आणि चढले की गाडीवर! भोंगा तोंडाला लावला आणि ओरडले, 'हाकला!' इतक्या जोरात, की देवदारावरचे कावळे टपाटप खाली पडले. आणि उठून पंख झाडत विचारतात, 'मास्तर, आम्हालासुद्धा का?'"

पुन्हा हशा, पण या वेळी तो दालनभर पोचला नाही. मधेच कुठेतरी अडला. सेरिझावा मात्र खळखळून हसला आणि हातमोज्यांसकट टाळ्या वाजवत म्हणाला, "वा आजोबा! मास्तर काळाच्या पुढे होते तर!"

"पुढे? अहो, इतके पुढे, की मला गाडी पळवूनसुद्धा गाठता येईनात!"

मागच्या रांगेतल्या म्हातारीने शेजारणीला विचारलं, "हा आज असं काय बोलतोय गं?" शेजारीण म्हणाली, "चढलीय त्याला." तोकुजीच्या कानांत ते पडलं.  पण गाडी उतारावर लागली होती, आता ब्रेक दाबणं म्हणजे दरीत जाणं. त्याने डोळ्यांच्या कोपऱ्यातून ओबाताशेठकडे पाहिलं. शेठचा डावा कान लाल झाला होता. फक्त डावा.

'उजवा बाकी आहे,' तोकुजी मनाशी म्हणाला आणि नेट लावला.

"मग गाडी कुठे नेली? अळंबीच्या शेडवर!"

स्वयंपाकघराच्या दारात तुयेत येऊन उभी राहिली होती. हातात चहाची किटली.  तोकुजीने मास्तरांच्या फोटोकडे बघत मनातल्या मनात कमरेतून एक नमस्कार घातला आणि पुढे बोलला.

"बर्फात गाडी रुतली होती तेव्हा ज्या पोरींनी ढकलली होती ना, त्या सगळ्यांना मास्तरांनी बाहेर बोलावलं. आणि काय केलं? हातमोजे घातले! काढले नाहीत, घातले! म्हणाले, 'गाडी ढकललीत ते तुमचं कामच होतं. आता चालू लागा.' असं म्हणून पाठ फिरवली. वाकले नाहीत. मान इतकीशी लववली नाही!"

आता कुणीच हसलं नाही. खोऱ्यातल्या लोकांना खरबूज बसमध्ये बसलेलं चाललं होतं, कडा ओशाळलेला चालला होता, पण किरिबुची मास्तर कुणापुढे वाकले नाहीत, हे त्यांच्या घशाखाली उतरेना. लोक एकमेकांची तोंडं बघायला लागले. बुवांनी जपमाळ घट्ट धरली. सेरिझावाचा मोबाइलवाला मात्र गुडघ्यावर पुढे सरकला होता, एकही शब्द निसटू नये म्हणून.

ओबाताशेठचे दोन्ही कान आता लालबुंद झाले होते.

"तोकुजी," ते हळू आवाजात म्हणाले. "खाली बस."

"का बरं, शेठ? खोटं आहे का?"

ओबाताशेठनी पेला उचलला, तोंडाला लावला. तो रिकामा होता.

"खोटं असेल तर सांगा ना!" तोकुजी जवळजवळ गयावया करत होता, पण आवाज ठेवला होता टवाळीचा. "सगळ्यांसमोर सांगा, तोकुजी थापा मारतोय! रोजच म्हणता, आज काय झालं?"

 मान खाली घालून शेठ सतरंजीची वीण बघत राहिले. सात वर्षांत त्या मौनाची भिंत इतकी जाड झाली होती, की तिला नुसतं डोकं आपटून भागणार नव्हतं.

"अहो, ते कशाला खोटं म्हणतील?" सेरिझावा उठून उभा राहिला. त्याचा चेहरा आनंदाने फुलला होता. उभ्या दालनात तोकुजीवर विश्वास ठेवणारा तो एकटाच होता. "आजोबा, तुम्ही आज माझे डोळे उघडलेत! मला वाटायचं मास्तर जुन्या वळणाचे. पण मनातून ते आमच्याच बाजूचे होते! मग आता उशीर नको. मास्तरीणबाई, परवानगी असावी."

त्याने कुंचला उचलला. दगडावरच्या शाईत बुडवला. मास्तरीणबाईंनी ओबाताशेठकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. शेठनी मान वर केली नाही. मग बाईंनी हात मांडीवर घेतले आणि त्या दारुमापासून थोड्या बाजूला सरकल्या.

 झालं! फासा उलटा पडला! ज्या मास्तरांच्या नावाला बट्टा लागू नये म्हणून तोकुजी उभा राहिला होता, त्यांचं नाव त्यानेच स्वतःच्या तोंडाने विकलं होतं, आणि समोरच्या मोबाइलमध्ये ते सगळं आवाजासकट भरलं गेलं होतं. आजपर्यंत त्याची एकही थाप कुणी खरी मानली नव्हती. आज हीच खरी ठरणार होती!

कुंचला दारुमाच्या तोंडापाशी आला. टोकावर शाईचा काळाभोर थेंब लोंबत होता. पांढरा डोळा तसाच टक लावून बसला होता. तुयेतने किटली छातीशी धरली होती. मोबाइलवाला म्हणाला, "जरा इकडे बघून हसा, साहेब." सेरिझावा इकडे बघून हसला.

आणि त्या हसण्यावरून तोकुजीला सुचलं. काय सुचलं हे त्यालाही धड कळलं नाही. त्या कागदी दाराबाहेर बूट घेऊन उभा असताना जे त्याला दिसलं नव्हतं, फक्त खोकल्यासारखं काहीतरी ऐकू आलं होतं, तिथे त्याने अंधारात हात घातला.

"थांबा, साहेब, एकच राहिलं!" तो ओरडला. "शेवटचं सांगतो आणि बसतो. मास्तर शेडवरून परत आले. खोलीत ओबाताशेठ आणि ते, दोघंच. कुंचला हातात घेतला, या दारुमाकडे पाहिलं, आणि म्हणाले, 'हा डोळा माझ्या नंतरच्या हुशार माणसासाठी ठेवू.' ओबाताशेठ म्हणाले, 'वा मास्तर, काय बोललात! मी त्याला हातात हात धरून आणतो!' आणि मग..." तोकुजीने मोठ्ठा श्वास घेतला. "मग मास्तर हसले! ओबाताशेठच्या पाठीवर थाप मारून खो खो हसले! मी माझ्या कानांनी ऐकलं! आयुष्यात इतके कधी हसले नसतील मास्तर, इतके त्या सकाळी..."

"खोटं!"

पेला सतरंजीवर आपटला आणि गडगडत थेट चौथऱ्यापर्यंत गेला. ओबाताशेठ उभे होते. त्यांचा आवाज असा फुटला, की सेरिझावा दचकला आणि कुंचल्यावरचा शाईचा थेंब त्याच्याच पांढऱ्या हातमोज्यावर पडला.

"खोटं! साफ खोटं बोलतोय हा थापाड्या! हसले नाहीत मास्तर! रडले! माझ्या खांद्यावर डोकं ठेवून लहान पोरासारखे रडले, आणि म्हणाले, 'ओबाता, ही मतं माझी नाहीत, त्या ओरडण्याची आहेत. हा पक्ष आपला राहिला नाही. याला पुन्हा माणसांपुढे वाकता येईल तेव्हा भरा डोळा, तोवर आंधळाच राहू दे!'"